गोंदियाचे ड्रॉइंग मास्तर

आमच्या वेळी चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी हक्काने मागून घ्यायचा तास होता. त्याची भरपाई म्हणून चित्रकलेचे सर एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या आम्हा सात मुलांना रविवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात बोलावत. वस्तुचित्रासाठी मांडलेला तांब्या आणि दोन वांगी यांच्याकडे पाहत असतानाच चित्रकार सय्यद हैदर रझा हे नाव मी प्रथम ऐकले. ते गोंदियाला ड्रॉइंग मास्तर होते, असे सर सांगत. पण गोंदिया म्हणजे धानाच्या गिरण्या आणि बिडीचे कारखाने एवढेच ठाऊक असलेल्या आम्हाला ते खरे वाटत नसे.

ते खरेच होते. 1922 मध्ये मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावी, वनखात्यात रेंजर असलेल्या वडिलांच्या घरी जन्मलेले रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि गोंदियाला मास्तर झाले. 1943 मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळाल्यावर नोकरीचा राजीनामा देऊन ते मुंबईला पोहोचले, तर जे. जे. स्कूलचे प्रवेश बंद झालेले होते. शिष्यवृत्ती परत घेतली गेली आणि सरकारने अकोल्याला ड्रॉइंग शिक्षकाची जागा देऊ केली. ती नाकारून त्यांनी मुंबईतच दिवसभर छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी आणि संध्याकाळी चित्रकलेचा अभ्यास असे दिवस काढले. अकोल्याच्या त्या जागेपाशी आले की सर थोडा वेळ गप्प बसत. त्यांनी स्वतः अशी एखादी जागा स्वीकारली असावी, असे आता वाटते.

पुढचा प्रवास सर भरभर सांगत: 1947 मध्ये मुंबईतल्या तरुण चित्रकारांसोबत काढलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, 1950 मध्ये पॅरिस, 1956 मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार. मात्र काश्मीरमध्ये भेटलेल्या छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी, चित्रांत रचना कमी आहे, फ्रेंच चित्रकार सेझान अभ्यासा, असे रझांना सुनावले होते, ही गोष्ट ते आमचे तांबे वाकडे आले की हमखास काढत.

सर खरे रमत ते रझांच्या बिंदूत. प्राथमिक शाळेत लक्ष भरकटणाऱ्या लहानग्या रझाला गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसायला लावले होते, आणि पॅरिसमध्ये नाव झाल्यानंतर पन्नाशी उलटलेल्या या चित्रकाराने तोच ठिपका कॅनव्हासच्या मधोमध आणला. सरांनी वहीत जपलेले कात्रण दाखवले तेव्हा चौकटीतला तो काळा गोळा पाहून आम्ही हसलो. "हासा लेकहो, पण पाच मिनिटं पाहून मंग हासा," असे म्हणून त्यांनी घड्याळ काढले. मला दोन मिनिटेही जमले नाही, कारण समोरून बैलगाडी चालली होती.

2010 मध्ये रझांचे 'सौराष्ट्र' हे चित्र सोळा कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी किमतीचेच मथळे केले. 2016 मध्ये दिल्लीत निधन झाल्यावर त्यांना मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले, ही बातमी मात्र मला आतल्या पानावर शोधावी लागली.

त्यानंतर एका प्रदर्शनात मी बिंदूसमोर घड्याळ लावून उभा राहिलो. गोलाच्या कडेला काळ्याखालून तांबूस रंग डोकावत होता आणि ब्रशचे फटकारे गोल गोल फिरलेले दिसत होते. सरांच्या कात्रणात तो गोळा नुसता काळा होता.