आठवड्याची चित्रं आजच ठरली

आज ब्रशला हातच लावला नाही. वाईच्या ढोल्या गणपतीचे कृष्णाघाटावरून काढलेले फोटो उघडून बसलो आणि आठवडाभर रोज काय रंगवायचं ते ठरवून टाकलं. फोटोवरून काढणं म्हणजे नक्कल, असं म्हणणारे म्हणोत बापडे! मोबाइल सावल्या सरसकट काळ्या करतो, खालून वर धरला की शिखर मागे कलतं. ते सावरायला डोळा लागतोच. म्हणून प्रत्येक फोटोवरून वहीत काडेपेटीएवढं कच्चं चित्र केलं, पेन्सिलीच्या तीनच छटांत: उजेड, मधली, गडद. पायऱ्यांवरच्या सावलीत जांभळट निळा घालणार आहे, फोटोत तो औषधालाही नाही. कागद बोर्डावर चिकटवून तयार. गर्दीचा फोटो मात्र शुक्रवारवर ढकललाय, माणसं काढायचा जाम कंटाळा!