मामांची शिवण

साठ-सत्तरच्या दशकात आपल्या वाईच्या शाळेत शिकलेल्यांना शिपाईमामा आठवतात ते घंटेमुळे. मामांचे खरे कसब मात्र मे महिन्यात दिसे, तेव्हा शाळेत पाहायला कोणी नसे. वाचनालयातली मोडकी पुस्तके ते आणि त्यांचे अख्खे घर मिळून बांधत.

शिक्षण चौथीपर्यंत, पगार शिपायाचा, घरात म्हातारी आई, मामी आणि चार मुले. थोरल्या तिघांची आठवी ते अकरावी पुस्तकांच्या एकाच संचावर झाली. मध्येच एखादे पुस्तक बदलले तर तेवढेच नवे यायचे. त्यामुळे पुस्तक एका मुलापुरते टिकून भागणार नव्हते, आणि मामांचा काटेकोरपणा त्यातूनच आला होता.

विकतची पुस्तके तारेच्या पिनांची. वाईच्या पावसाळी दमट हवेत पिन गंजते, भोवतीचा कागद तांबडा आणि ठिसूळ होतो आणि पान निखळते. म्हणून नवे पुस्तक घरात आले की आधी पिना निघत. उपटून नव्हे, मागची टोके उभी करून, सरळ ओढून. मग फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचे आणि पाठीच्या घडीवर करवतीने पाच खाचा पाडायच्या. मधल्या तीन सुतळीसाठी, टोकांच्या दोन गाठींसाठी. सुतळी जेमतेम बुडेल एवढीच खाच हवी. करवत खोल गेली तर आतल्या पानात भोक दिसते आणि पान तिथूनच फाटत जाते. दोरा मेणावरून दोनदा ओढलेला. ते काम धाकट्या मुलीचे. फार बारीक दोरा कागद कापतो. जाड घेतला तर दर फर्म्याला पाठ फुगत जाते आणि पुस्तक पाचरीसारखे दिसते.

खळ मामींची. एक वाटी मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडायच्या, मग एकंदर पाच वाट्या पाणी होईल असे वाढवत मंद आचेवर ढवळत राहायचे. पांढरेपणा जाऊन तकाकी आली की खाली उतरवायची. निवत आली की कसर लागू नये म्हणून गरम पाण्यात विरघळवलेला चिमूटभर मोरचूद. तो लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात घालायचा नाही, भांडे खाल्ले जाते. म्हणून चिनी मातीची बरणी, आणि मोरचूद विषारी असल्याने तीही स्वयंपाकापासून लांब, दाराबाहेरच्या कोनाड्यात. ब्रश धुतलेले पाणीसुद्धा कोंबड्यांच्या वाटेत सांडू द्यायच्या नाहीत. खळ पातळ झाली तर पुठ्ठा पाणी पितो आणि वाकतो.

वाकण्याचे दुसरे कारण अनेक बाइंडरही विसरतात. कागदाची पट्टी एका बाजूने ओली केली की तिची सुरळी होते. त्या सुरळीची लांबी ज्या दिशेने, तो कागदाचा कल, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. तो पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा. मामा प्रत्येक नव्या गठ्ठ्यातली एक पट्टी ओली करून पाहत, मगच कात्री.

शाळेत दाबयंत्र नव्हते. दोन फळ्या आणि वर मामींचा पाटा. पुस्तक रात्रभर दाबाखाली, हवा दमट असली तर दोन रात्री. पण सकाळी वाटणासाठी पाटा हवाच, त्यामुळे पुस्तके अर्धवट ओली निघत. शेवटी मामांनी कृष्णेच्या काठावरून एक वेगळा सपाट दगड आणला आणि घरातला तंटा मिटला.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा वाचनालयातले एक फडताळ आडवे झाले. नुसत्या सरसाने पाठ चिकटवलेली पुस्तके फुटून पाने विखुरली. सुतळीवर शिवलेल्यांचे पुठ्ठे चेपले, पण पाने जागची हलली नाहीत. त्यानंतर शाळेने बाहेर बांधणीला काही दिले नाही.

दिवाळीआधी पेठेतल्या दुकानांच्या रोजमेळाच्या आणि खतावणीच्या चोपड्या घरी येत. रात्री जेवणे उरकली की चटया गुंडाळून तिथेच काम. तो पैसा वेगळ्या डब्यात, फक्त फीसाठी. स्वतःच्या चपलेला मात्र मामांनी पुस्तकांचाच मेण लावलेला दोरा वर्षानुवर्षे चालवला.

प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याआत त्यांनी चार रेघांची चिठ्ठी डकवली होती, मुलांच्या नावांसाठी. 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, अकरावीचा जुना ढाचा गेला आणि धाकट्याला सगळी पुस्तके नवी लागली. जुना संच मामांनी वाचनालयाला दिला. त्यातले बीजगणित अजून कपाटात आहे. चिठ्ठीवर तीन नावे, चौथी रेघ कोरी. शिवण घट्ट आहे, फक्त मागच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला कसर लागली आहे. त्या दिवशीच्या खळीत मोरचूद कमी पडला असणार. मामींनी हे कबूल केले नसते.

(एक माजी विद्यार्थी, अकरावी 1972)