पोटुशी बाई क्रूझवर: जहाज सोपं, चोर्ला रोड अवघड

आधी निकाल सांगून टाकते. पाचव्या महिन्यात क्रूझ करता येते, आणि जहाजावर मळमळ सोडली तर फार काही त्रास होत नाही. त्रास आहे तो बेळगावातून गोव्याच्या मुरगाव बंदरापर्यंत पोचण्यात, आणि त्यातही चोर्ला घाटाच्या रस्त्यावर किणये सोडल्यापासून कणकुंबीपर्यंत. कुणी "आता चोर्ला रोड झालाय की" म्हणून सांगितलं तर त्याला विचारा, तू शेवटचा कधी गेलेलास, आणि पोटात बाळ घेऊन गेलेलास काय. आमच्या दिरांनी असंच सांगितलं. एजंटनं पण तेच सांगितलं, आणि वर हे पण सांगितलं की जहाजवाल्यांना गरोदर असल्याचं काही नसतं, कागदबिगद काही लागत नाही. दोन्ही थापा निघाल्या.

आमच्याकडे डोहाळजेवणात बाईला नावेत बसवतात ना, थर्माकोलची नाव, हातात पुठ्ठ्याचं वल्हं आणि मग सगळ्यांबरोबर फोटो, तर हे म्हणाले ह्यावेळी खऱ्याच जहाजात बसवतो. मुरगावला चढायचं, लक्षद्वीपला थांबायचं, मुंबईला उतरायचं. सासूबाई म्हणाल्या, "असल्यात समुद्रावर कशाला गे जातेस?" माझी आई तर बोलायचीच बंद झाली. पण डॉक्टरबाईंनी सगळं तपासून हो म्हटलं, म्हणाल्या 14 ते 28 आठवडे हाच काळ फिरायला बरा, उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोट अजून आवाक्यात असतं. फक्त मधली मोठी सोनोग्राफी करून मगच जा म्हणाल्या, ती 18 ते 20 आठवड्यांच्या सुमारास करतात, तिच्यात बाळाचे अवयव आणि वार (प्लॅसेंटा) कुठं आहे ते दिसतं. वार खाली असेल, मधे कधी रक्त गेलेलं असेल, पिशवीला टाका घातलेला असेल, जुळं असेल किंवा बीपी वर असेल तर हा विषय इथंच सोडा, पुढचं वाचू पण नका.

आता कागदाचं. बहुतेक क्रूझ कंपन्या 24 आठवड्यांच्या आत असलेल्या बाईलाच घेतात, आणि हे आठवडे चढायच्या दिवशीचे नाही, उतरायच्या दिवशीचे मोजतात. हे एजंटला माहीत नव्हतं किंवा माहीत असून सांगितलं नाही. आपण घरी "पाचवा चालू आहे" म्हणतो त्याचा तिथं काही उपयोग नाही, त्यांना आठवडे लागतात, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनचे, आणि सोनोग्राफीनं तारीख बदलली असेल तर सोनोग्राफीचे. विमानवाले सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत नेतात म्हणून जहाजवाले पण नेतील असं धरू नका. कारण साधं आहे. जहाजावर एक डॉक्टर, नर्स, थोडी औषधं, ऑक्सिजन असतो, पण बाळंतपणाचा डॉक्टर नसतो आणि कमी दिवसाच्या बाळाला ठेवायची काचेची पेटी पण नसते. 24 च्या पुढं बाळ लवकर आलं तर वाचवता येण्यासारखं असतं, पण ते मोठ्या हॉस्पिटलात, भर समुद्रात नाही.

मी माझ्यापुरतं डॉक्टरबाईंकडून पत्र घेतलेलं, पण त्यात "पाच महिन्यांच्या गरोदर, प्रवासास हरकत नाही" एवढंच. काउंटरवरच्या पोरीनं ते वाचलं, परत केलं आणि बाजूला उभं राहा म्हणाली. बाजूला म्हणजे खुर्ची नाही, पंखा नाही, सगळी गुजराती-मराठी कुटुंबं पुढून बॅगा ओढत जातायत आणि आम्ही चोरी केल्यासारखे भिंतीला टेकून. शेवटी माझ्या फाईलमधला सोनोग्राफीचा रिपोर्ट कामाला आला, त्यावर आठवडे आणि दिवस छापलेले असतात आणि अपेक्षित तारीख पण. मग जहाजाच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं, एका फॉर्मवर आमच्या जबाबदारीवर चाललोय म्हणून सही झाली आणि सोडलं. तेव्हा पत्र इंग्लिशमध्ये घ्या, लेटरहेडवर, रजिस्ट्रेशन नंबरसकट, नुकत्याच तारखेचं, आणि त्यात प्रवास संपेल त्या दिवशी किती आठवडे होतील ते लिहून घ्या, अपेक्षित तारीख, एकच बाळ आहे, वार वर आहे, बीपी-शुगर ठीक आहे हे पण. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना गरोदरपण धरलंय काय ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये धरत नाहीत.

पण हे सगळं काउंटरवरचं पुढचं, त्याच्या आधी रस्ता. पिरनवाडीपर्यंत ठीक. किणयेच्या पुढं सुरू झालं. पावसाळा संपून फार दिवस झालेले नव्हते, खड्डे बुजवलेत म्हणून जे सांगत होते ते म्हणजे खड्ड्यात खडी टाकून सोडून दिलेली, ती टायरखाली येऊन खडाखडा गाडीला लागते. ड्रायव्हर खड्डा चुकवायला उजवीकडे घेतो, समोरून गोव्याला भाजी टाकून रिकामा परत येणारा टेम्पो, मग परत डावीकडे, आणि डावीकडे डांबराची कड तुटून वीतभर खाली गेलेली. प्रत्येक वेळी मी दोन्ही हातांनी पोट धरायची, हे पुढच्या सीटवरून मागं वळून बघायचे, ड्रायव्हर म्हणायचा "आता पुढं चांगला हाय मॅडम". जांबोटी आली, चांगला नाही आला. त्याआधी कुसमळीच्या पुलावर जरा बरं वाटलेलं तेवढंच. जांबोटी ते कणकुंबी ह्या टप्प्यात तर कुणी एक शब्द बोललं नाही गाडीत, इतका राग आलेला सगळ्यांना. एरवी काय सुंदर रस्ता आहे तो, दोन्ही बाजूला जंगल, मलप्रभा तिथंच कणकुंबीला उगम पावते, लोक मुद्दाम फिरायला येतात. मला त्यातलं एक झाड आठवत नाही.

आणि टॉयलेट. हे कुणी सांगत नाही कारण जाणारे बहुतेक पुरुष, ते कुठंही उभे राहतात. पाचव्या महिन्यात दर तासाला जावं लागतं बाईला. जांबोटी सोडल्यावर पार घाट उतरून गोव्यातल्या साखळीपर्यंत मला बसण्यासारखं एक ठिकाण दिसलं नाही. शेवटी केरीच्या अलीकडे एका घरात जाऊन विचारलं, त्या काकूंनी काही न बोलता आत नेलं, पाणी दिलं, त्यांचं भलं होवो.

घरी आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या खड्ड्यांनी बाळाला काही होत नसतं, ते पाण्यात असतं, पण बाईच्या कंबरेची वाट लागते आणि ब्रेक जोरात बसला तर बेल्ट कुठं बसतो ते महत्त्वाचं. बेल्ट पोटावरून नाही, पोटाच्या खालून मांड्यांवर, आणि वरचा पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून. बेल्ट लावायचाच, पोट दाबतं म्हणून काढून ठेवायचा नाही.

मग कशानं जायचं? रेल्वेनं. निजामुद्दीनहून येणारी गोवा एक्सप्रेस रात्री बेळगावात थांबते, लोंढा, कॅसलरॉक, कुळे करत सकाळी वास्कोला सोडते. ब्रागांझा घाटात गाडी हळू चालते, उतार इतका आहे की जादा इंजिन जोडतात, पण धक्के नाहीत, टॉयलेट हाताशी, आणि वास्को स्टेशनवरून मुरगाव बंदर अगदी जवळ. मला हे कळत असून घरच्यांनी "कशाला रात्रीचं जागरण, गाडीनं तीन-साडेतीन तासात जाऊ" म्हणून हाणून पाडलं. गाडीच करायची असेल तर खानापूर-रामनगर-अनमोड लांब पडतं, आंबोलीवरून सावंतवाडी-बांदा पण लांब पडतं, पण ह्यातलं जे त्या आठवड्यात बरं असेल ते करा, आणि विचारायचं असेल तर गोव्याला रोज भाजी-दूध नेणाऱ्या गाडीवाल्यांना विचारा, नातेवाईकांना नाही. तिळारीचा घाट पोटुशी बाईनं अजिबात नको, उतार भयानक आहे.

लुटालूट कुठं झाली ते पण सांगते. आमची बेळगावची गाडी वास्कोतच सोडून द्यायला लागली, ड्रायव्हरला परतीचं भाडं मिळालेलं. तिथून बंदराच्या गेटपर्यंत हाकेच्या अंतराला टॅक्सीवाल्यानं जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं हा पणजीपर्यंतचं सांगतोय. मीटर नाही, दुसरा कोण येणार नाही, आणि माझं पोट बघून त्याला कळलेलं की ही बाई बॅग घेऊन चालत जाणार नाही. दिले. तेव्हा गाडी ठरवतानाच बंदराच्या आत प्रवाशांच्या गेटपर्यंत सोडायचं असं ठरवून घ्या, फोनवर नाही, मेसेजमध्ये लिहून.

जहाजावरचे दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. कामाचं तेवढं सांगते. आम्हाला फुकटात वरच्या मजल्यावरची पुढची केबिन देत होते, खूष होऊन घेतली, आणि गोवा सोडून खुल्या समुद्रात गेल्यावर रात्री त्याची किंमत कळली. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या मजल्यावर. खिडकी नसली तरी चालेल, तीच केबिन मागा. मळमळीसाठी निघायच्या आधीच डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या, गरोदरपणात चालणारी असते (डॉक्सिलामाइन आणि बी-6 ची, उलट्यांना देतात तीच), कानामागं लावायचा पॅच वगैरे दुसऱ्यांचं बघून लावू नका. आलेपाक माझ्या पर्समध्ये होता तो जास्त उपयोगी पडला. ऑक्टोबर ते मे मध्येच जा, पावसाळ्यात अरबी समुद्र काय असतो ते कोकणातल्या कुणालाही विचारा.

निघायच्या आधी सगळ्यांना गोळा करून लाइफ जॅकेटची कवायत घेतात, ती सगळ्यांना सक्तीची असते, उभं राहून पाय भरून येतात. आधीच सांगितलं तर खुर्ची देतात, मी सांगितलं नाही तोवर कुणी दिली नाही. पायांचं एकूणच बघा, गरोदरपणात पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढलेला असतो, म्हणून ट्रेनमध्ये, गाडीत, डेकवरच्या खुर्चीत एका जागी तासन्‌तास बसू नका, उठून चाला, पाणी प्या. गरम पाण्याचा जकुझी आणि स्टीम नको, अंग जास्त तापलेलं बाळाला चांगलं नसतं, पोहायचा साधा तलाव चालतो. बुफेत कच्चे मासे, अर्धवट अंडी आणि तासन्‌तास उघडं ठेवलेलं सॅलड सोडून द्या, वाफ निघतेय ते खा. आणि हात साबणानंच धुवा. दारात सॅनिटायझर घेऊन उभे असतात ते ठीक आहे, पण जहाजावर जुलाब-उलट्या पसरवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरनं नीट मरत नाही.

लक्षद्वीपला मी उतरले नाही. जहाज लांब थांबतं, तिथून छोट्या बोटीत उतरवतात, बोट खालीवर होतेय आणि खालचा माणूस हात धरून "अब" म्हणतो तेव्हा पाय टाकायचा. हे गेले, मी वरून बघत बसले. पोट असताना ती उडी मारण्यासारखी नाही, कुणी काही म्हणू दे. आणि तिथं काही झालंच तर? ह्या बेटांवरून गंभीर पेशंटला हेलिकॉप्टरनं कोचीला न्यावं लागतं.

वायफायचं पॅकेज घेऊ नका, पैसे फुकट, सासूबाईंना फोन लागायचा नाही तो नाहीच लागला. बंदराजवळ आल्यावर आपलं नेटवर्क येतं. घरी आधीच सांगून ठेवा की मधे फोन लागणार नाही, नाहीतर इकडं रडारड होते, आमच्याकडे झाली.

परतताना मुंबईहून रात्रीची स्लीपर बस नको. कोल्हापूरच्या अलीकडे-पलीकडे हायवे रुंदीकरणाचे डायव्हर्जन सुरू होते आणि वरचा बर्थ मिळाला तर चढायचं कसं? रेल्वेचं तिकीट काढा, आणि ते रिझर्व्हेशन काउंटरवर जाऊन काढा, गरोदर बाईसाठी लोअर बर्थचा कोटा असतो, ज्येष्ठ नागरिकांच्या कोट्यातच, डॉक्टरांचं सर्टिफिकेट दाखवायला लागतं. तुमच्याकडे ते जहाजासाठी घेतलेलं पत्र असेलच, त्याच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.