तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही नंदाखालचे

माझं ख्रिस्ती आडनाव ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "गोव्याच्या का तुम्ही?" नाही, वसईची म्हटलं की लगेच दुसरा. "मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?" परवा विरार लोकलमध्ये शेजारच्या काकूंनी अगदी मायेने हेच विचारलं. मी सांगत होते, तेवढ्यात स्टेशन आलं. राहिलेलं इथे लिहिते.

मी नंदाखालची. विरारहून पश्चिमेला, आगाशीच्या बाजूला आमचं गाव. केळीच्या वाड्या, बावखलं म्हणजे गोड्या पाण्याची तळी, आणि पवित्र आत्म्याचं चर्च. धर्मग्रामाची, म्हणजे या चर्चशी जोडलेल्या वस्तीची, स्थापना 1573 सालची. माझ्या आजीच्या तोंडी 'चर्च' हा शब्द कधीच नव्हता, ती देवळात जायची. लाल लुगडं नेसून, पायात चप्पल नाही, पहाटेच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला. पंचक्रोशीत सामवेदी ब्राह्मणांची घरं आहेत. त्यांच्या घरात कादोडी ही इथली बोली बोलतात, आमच्याही घरात कादोडीच. म्हणजे काकू, आम्ही कुठून आलोच नाही. धर्म समुद्रावरून आला, माणसं इथलीच.

तो कसा आला, हे विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. "जबरदस्तीने ना?" मला हा प्रश्न टाळायचा नाही. 1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. मागोमाग धर्मप्रसारक पाद्र्यांचे संघ आले: आधी फ्रान्सिस्कन, मग जेज्वीट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन. हिंदू देवळं पाडली गेली, अनाथ मुलं मिशनऱ्यांच्या ताब्यात दिली गेली, गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, हात वसईपर्यंत पोचत होता. हे सगळं घडलं. कुणी जमिनीसाठी, कुणी नोकरीसाठी, कुणी भीतीने आणि कुणी मनापासून बाप्तिस्मा घेतला असेल. माझ्या घराण्यातला तो पहिला माणूस यांपैकी कोणता, हे मला कधीच कळणार नाही. पण त्याच्यानंतरच्या पिढ्यांनी हा धर्म आपला म्हणून सांभाळला, आणि मीही तो आपला म्हणूनच सांगते.

आमच्या समाजाचं 'कुपारी' हे नावसुद्धा त्या काळातलंच. पोर्तुगीज 'कॉम्पाद्रे'वरून ते आलं असं मानतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मबाप यांच्यातल्या नात्याला हा शब्द होता. अख्ख्या जमातीचं नाव एका सोयरिकीवरून पडावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वसईच्या किल्ल्यात आता छप्पर नसलेली चर्चेस उभी आहेत. सेंट जोसेफचा मनोरा लांबूनच दिसतो. ते चर्च 1546 चं. याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मले. बाप पोर्तुगीज, आई इथली. जपानमध्ये व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले, जपानी येत होतं म्हणून दुभाषी होऊन परत जपानला गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस जणांसोबत त्यांना क्रुसावर मारलं. 1862 साली ते संत झाले, भारतात जन्मलेले पहिले. आजीला नागासाकी कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण गोन्सालो 'आपल्या गावचा पोर' आहे हे पक्कं माहीत होतं.

आता 1739. मराठी शाळेत मी चिमाजी अप्पांचा धडा अभिमानानेच वाचला, पेपरात त्यावर पूर्ण मार्क मिळवले, आणि घरी येऊन रात्री कुटुंबासोबत जपमाळ म्हटली. मला यात कधी अडचण वाटली नाही, इतरांना ती का वाटते तेही कळलं नाही. मे महिन्यात किल्ला पडला. पोर्तुगीज गेले, बहुतेक पाद्री त्यांच्याबरोबर गेले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक तहात होती. चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या आजही आहेत.

मेणवलीला मी गेले होते. कृष्णेचं पाणी, नाना फडणविसांचा वाडा, आणि काठावर टांगलेली ती प्रचंड घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मारियामाता कोरलेली आहे. मी हात लावून पाहिला. वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही. अडीचशेहून जास्त वर्षं ती देवाच्याच दारात आहे, कुणी वितळवून तिची तोफ केली नाही. पण डोळे भरून आले, कारण ही घंटा ऐकून उठणारी माणसं कशी जगली असतील हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. राजा गेला, पाद्री गेला, घंटा गेली. सोडून द्यायला याहून सोपी वेळ कुठली? तरी त्यांनी सोडलं नाही. गोव्याहून येणारे धर्मगुरू मिळतील तसे मिळाले, एरवी घराघरात आयाबायांनीच प्रार्थना चालू ठेवल्या. आमच्या धर्मग्रामाचा इतिहास म्हणून काही असेल, तर तो मला या आयाबायांचाच वाटतो.

पुढचं थोडक्यात. 1886 पासून वसई दमणच्या बिशपांकडे, 1928 पासून मुंबईकडे, आणि 22 मे 1998 रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. चर्चमधल्या सुधारणा ठरवणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात, लॅटिन मिस्सा जाऊन मराठी आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. 2020 च्या जानेवारीत ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही बाहेर हीच कुजबूज होती: हे मराठी कसे? आमच्या घरी टीव्हीसमोर सगळे गप्प बसून ऐकत होते. भाषण संपल्यावर आई फक्त एवढंच म्हणाली, "आजी असायला हवी होती."

मध्यंतरी एका कागदासाठी चर्चच्या कार्यालयात जावं लागलं. बाप्तिस्म्याची जुनी वही उघडली. पणजोबांची नोंद पोर्तुगीजमध्ये, गोव्याच्या कुणा धर्मगुरूच्या तिरक्या अक्षरात. बाबांची इंग्रजीत. मग नवी वही काढून माझ्या मुलीची पाहिली. ती मराठीत आहे. आडनाव तिन्ही ठिकाणी तेच, गावही तेच.