दोन जन्मतारखा

सुब्रोतो मुखर्जी चषकाच्या नंदुरबार जिल्हा फेरीत कागदपत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे असते. हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून दिल्लीत होणाऱ्या या शालेय फुटबॉल स्पर्धेत बांगलादेशासारख्या शेजारी देशांचे संघही उतरले आहेत. आमच्या मुलांना मात्र तेथे पोहोचण्यासाठी जिल्हा, नाशिक विभाग आणि राज्य अशा तीन फेऱ्या जिंकाव्या लागतात.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या संघांचे दाखले उघडले की मुलामागून मुलाची जन्मतारीख १ जून निघते. पहिलीत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा सुरू होण्याचा महिना लिहून मोकळे होतात आणि ती तारीख मुलाला जन्मभर चिकटते. याला सरसकट लबाडी म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी अनेकदा भांडलो आहे, कारण खोटा दाखला कसा असतो हे मला ठाऊक आहे: त्यात शाई वेगळी असते, नोंदणी क्रमांक मागचापुढचा असतो आणि खाडाखोडीवर कोणाची सही नसते.

त्या दिवशी सतरा वर्षांखालील गटात एका आश्रमशाळेच्या गोलरक्षकाचे कागद समोर आले. जनरल रजिस्टरमध्ये १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि आधारवरचे वर्ष दोन वर्षे आधीचे. एका कागदाने तो गटात बसत होता, दुसऱ्याने बाहेर जात होता. त्यांच्या शिक्षकांनी मूळ रजिस्टरच सोबत आणले होते. पहिलीच्या प्रवेशाची नोंद क्रमाने होती, शाई एकच होती. मी सही केली.

काळ्या मातीचा चिखल झालेल्या मैदानावर, मनगटाला सुतळीने आवळलेले मोठ्या मापाचे हातमोजे घालून त्याने दोन निश्चित गोल अडवले आणि संघ १-० ने जिंकला. लगेच प्रतिस्पर्धी संघाने आधारची झेरॉक्स जोडून लेखी हरकत घेतली. समितीतील एका सदस्याने मुलाची मिसरूड पाहून वय ठरवले, याचा मला आजही संताप येतो. फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी वय तपासायला मनगटाची एमआरआय चाचणी करते. आमच्याकडे साधा एक्स-रे काढण्याचीही सोय नव्हती. निर्णय आधारच्या बाजूने गेला आणि एका मुलापायी अख्खा संघ बाद झाला. सकाळीच मी त्या एकाचे नाव कापले असते, तर उरलेली पंधरा मुले निदान खेळात राहिली असती.

निर्णयापूर्वी शिक्षकांनी मुलाच्या आईला फोन लावून स्पीकर सुरू केला होता. पावरी बोलीत ती जे बोलली ते त्यांनी आम्हाला मराठीत सांगितले: काठी गावची होळी झाली आणि तिसऱ्या दिवशी हा जन्मला. म्हणजे जूनही नाही आणि जानेवारीही नाही. समितीतले दोघे हसले आणि फोन बंद झाला. होळी कोणत्या साली झाली, त्याच्या पाठचे भावंड केव्हाचे, त्या वर्षी गावात आणखी कोण जन्मले, एवढे विचारले असते तरी वर्ष हाती लागले असते. तेव्हा कोणीच विचारले नाही, आणि रजिस्टर समोर उघडे ठेवून बसलेल्या मीही विचारले नाही.