आडनाव सोडा, सर्व्हे नंबर धरा

सातारा-सांगलीकडचा माणूस घराण्याची वंशावळ काढायला बसला की बहुतेक वेळा वरून सुरुवात करतो. शिवकाळात आपल्या आडनावाचा एक सरदार होता, तोच आपला मूळपुरुष, आता फक्त मधली माणसं शोधायची! असं ठरवून शोधलं की मधली माणसं सापडतातच. अडचण एवढीच की ती दुसऱ्याच घरची निघतात.

आडनाव हा आपल्याकडे फार कच्चा धागा आहे. एकाच भावकीतला एक वाडा पाटील लावतो, दुसरा मूळ कुळीचं नाव लावतो, तिसरा गावाच्या नावापुढं 'कर' जोडून मुंबईला गेलेला असतो. जुन्या कागदात तर आडनाव बरेचदा नसतंच. 'राणू बिन जानू, मौजे अमुक' एवढ्यावर काम भागायचं. जमीन मात्र कुठं जात नाही. म्हणून माणसाचा माग काढायचा तर त्यानं कसलेल्या रानाचा माग काढायचा, आणि तोही आजच्या साताबारापासून मागं मागं जात.

त्याआधी घरातलं काम उरकून घ्या. वडिलांपेक्षा आत्याला विचारा, आजीच्या माहेरी जा. लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायकांना भावकी जास्त नीट आठवते, कारण सुतक कुणाचं धरायचं, हे त्यांना कायम लक्षात ठेवावं लागलेलं असतं. वहीत प्रत्येक माणसापुढं नाव, बाप, बायको आणि तिचं माहेर, भाऊ, अंदाजे जन्मसाल, जमिनीचा नंबर आणि ही माहिती कुठून मिळाली, एवढं लिहा. कागदावर दिसलेलं पेनानं, ऐकलेलं पेन्सिलीनं. पेन्सिलीवर पेन फिरवायची घाई करू नका.

आता जमीन. साताबारावर नावाशेजारी गोलात जो आकडा असतो तो फेरफार नंबर, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदीचा नंबर. कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेली माणसं, आणि आपल्याला तीच हवी असतात. त्या नंबरचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, काढला की 'अमुक मयत, वारस मुलगे तीन' अशी नोंद मिळते. वारसाची वेगळी नोंदवही सहा-क. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. त्यामुळं आपल्या गावचं फेरफार बुक पहिल्या नंबरापासून पानन् पान वाचायची तयारी ठेवा. फक्त आपल्या घराचे फेरफार काढले तर चुलत शाखा हातातून निसटते.

इथं पहिला खड्डा लागतो तो गटाचा. जमिनीचे तुकडे जोडण्याच्या एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट नंबर पडले. आजचा गट ४१२ घेऊन १९२० च्या कागदात ४१२ शोधला तर परक्याचंच रान हाती लागेल. भूमी अभिलेख कार्यालयातून गटवारीचा 'नऊ-तीन नऊ-चार'चा उतारा काढा. त्यात जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट यांची जोड मिळते.

दुसरा खड्डा लघुरूपांचा. नावापुढं 'ए.कु.मॅ.' असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याचे दोन-तीन भाऊ कागदावर नसूनही जमिनीत असतात, आणि वंशावळीतून शाखा गळतात त्या इथंच. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या वारसाचा सांभाळ करणारा. त्या नावाला बाप समजू नका, तो बरेचदा चुलता किंवा मामा असतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'सोनाबाई कोम राणू' वाचून सोनाबाईला राणूची मुलगी करून ठेवलेल्या वंशावळी काही कमी नाहीत.

बायकांची नावं कधीपासून दिसतात, त्यालाही हिशेब आहे. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुली वारस म्हणून पुढं आल्या. त्याआधीच्या वारस नोंदीत मुली नाहीत म्हणून त्या घरात मुलीच नव्हत्या, असं समजायचं कारण नाही.

जमिनीच्या जोडीला गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यूची ही नोंद बहुधा मोडीत असते. बाळाचं नाव न घालता नुसतं 'राणूस मुलगा' असं लिहिलेलं असतं, तेव्हा शोधताना बापाचं नाव धरायचं. मृत्यूच्या नोंदी वाचताना १८९६ नंतरची प्लेगची वर्षं आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा ध्यानात ठेवा. एका घरातली चार माणसं महिन्याभरात गेलेली दिसतात आणि जमीन एकदम पुतण्याच्या नावावर जाते. दत्तकपत्र शोधायचं ते अशाच जागी. शाळेचं जनरल रजिस्टर जात, गाव आणि बापाच्या नावासाठी उत्तम, पण जन्मतारखेवर विसंबू नका. गुरुजींच्या कृपेनं निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो.

कागद कुठल्या कचेरीत मागायचा, यातही घोळ होतो. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती, आटपाडी औंध संस्थानात, फलटणचं संस्थान वेगळं. म्हणून खानापूर-विट्याकडच्या माणसानं जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' बघून गोंधळू नये आणि आटपाडीकरानं १९४८ च्या आधीचं दप्तर ब्रिटिश अमलाखालच्या तालुक्यात शोधू नये.

१९०० च्या मागं गेलात की मोडी आणि कालगणना दोन्ही लागतात. मोडीत आधी ओळभर रेघ मारून तिला अक्षरं टांगलेली असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, त्यामुळं नाव एकट्यानं वाचू नका. भाऊ, गाव आणि वतन यांच्यासकट वाचा. सालाचं गणित असं: शकात ७८ मिळवा, पौषाच्या मध्यानंतर फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. फसलीत, म्हणजे सारावसुलीच्या सालात, ५९० मिळवा. फसली साल मृगाला बदलतं, म्हणून १३१० फसली म्हणजे १९००-०१. पेशवाईतल्या कागदावर 'सु॥' करून अरबी सन येतो. तो आकड्यात न लिहिता शब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात आणि त्यात ५९९ मिळवायचे. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार. ११७७, म्हणजे इसवी १७७६-७७.

'समान' म्हणजे आठ आणि 'समानीन' म्हणजे ऐंशी. 'समानीन मया व अलफ' म्हणजे १७७९-८०, तर 'समान मया व अलफ' म्हणजे १७०७-०८. एवढ्याशा चुकीत बहात्तर वर्षं, जवळजवळ तीन पिढ्या जातात. पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरून गणित जुळत नसेल तर आधी साल पुन्हा वाचा. हा घोळ काही आपल्याच वाट्याला आलेला नाही. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळं वॉशिंग्टनचा जन्म जुन्या गणनेनं ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्या गणनेनं २२ फेब्रुवारी १७३२. तिकडं १६२० च्या मेफ्लॉवर जहाजावरच्या कुटुंबाशी नातं सांगणाऱ्याला दर पिढीचा दुवा पुराव्यानं जोडून दाखवावा लागतो. आपल्याकडे पोवाड्यात नाव आलं तरी भागतं!

नावं फिरून येतात, हाही एक चकवा. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळं राणू-जानू-राणू-जानू अशी साखळी तयार होते. एका राणूनं १८४० साली सारा भरलाय आणि १९०५ सालीही भरलाय असं दिसलं तर ते दोघं आहेत. भावांची नावं बघून ते वेगळे करा.

आता हेळवी. सुगी झाल्यावर दारात येऊन घराण्याची नावं घडाघडा म्हणणारे हे लोक कर्नाटकाच्या बाजूनं येतात. पूर्वी बैलावर, गाडीत यायचे, आता मोटारसायकलवरही येतात. त्यांची बही मोलाची आहे, विशेषतः कोणता भाऊ कधी कुठल्या गावी गेला यासाठी. पण त्यातल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या फेरफाराशी ताडून बघा. त्या जुळल्या तर त्यांच्या मागच्या तीन-चार पिढ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यावरची नावं हळूहळू राजघराण्याकडं आणि शेवटी सूर्याकडं सरकायला लागतात. तिथं वही मिटा. दान-दक्षिणा नीट द्या, पान वाचून घ्या, परवानगीनं फोटो काढा, बही मात्र मागू नका.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या जास्त भरवशाच्या. कारण साधं आहे: तिथं यात्रेकरू स्वतः उभा राहून बाप, आजा, भाऊ, मुलं सांगतो आणि तिथी पडते. म्हणजे त्या दिवशी तो माणूस जिवंत होता, एवढं तरी पक्कं. जाताना जात, आडनाव आणि मूळ गाव घेऊन जा. आज राहता ते गाव सांगून उपयोग नाही. कोयनेच्या पाण्यात गाव गेलं आणि घर रायगड-ठाण्याकडं वसलं असेल तरी वहीत पाटण किंवा जावळीतलं जुनं गावच सापडणार. मूळ गाव विसरलेल्यांनी कुलदैवत बघावं. पालीचा खंडोबा, शिंगणापूरचा महादेव, औंधची यमाई यांनी दिशा कळते. देवक मात्र अनेक कुळ्यांत एकच असतं, ते पुरावा म्हणून धरू नका.

वतन असलेल्यांना आणखी एक दार आहे. पाटीलकीच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, कुणाकडं किती, हे १८७४ च्या वतन कायद्याखालच्या रजिस्टरात मिळतं. महार, रामोशी या वतनदारांची कागदपत्रं इथं फार कमी जण बघतात. १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली आणि जमिनी रीग्रँट करताना, म्हणजे वतनदारांना पुन्हा देताना, हिस्सेदारांच्या वंशावळी प्रकरणाला जोडल्या गेल्या. वतनाच्या तंट्यातल्या वंशावळीही वाचा, फक्त दोन्ही पक्षांच्या वाचा. वादीनं प्रतिवादीची एक शाखा निर्वंश दाखवलेली असते आणि ती नेमकी आपली असू शकते.

शेवटी पुण्याचं पुरालेखागार. शाहू दफ्तर, रोजकीर्दी म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या नोंदी, इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या काळात गोळा झालेला 'जमाव' म्हणजे कागदांचा साठा, सगळं मोडीत आणि जुन्या मुलखाच्या हिशेबानं लावलेलं. 'तालुका कोरेगाव' म्हणून मागितलंत तर हात हलवत परत याल. 'संमत कोरेगाव, प्रांत वाई' अशी जुनी विभागणी सांगावी लागते. आपलं मौजे कुठल्या संमत-तर्फेत, म्हणजे गावांच्या जुन्या गटात, आणि कुठल्या प्रांतात होतं, हे गावच्या सर्वांत जुन्या खरेदीखताच्या पहिल्या दोन ओळींत लिहिलेलं असतं. ते खत आधी वाचून घ्या आणि मगच पुण्याची गाडी धरा.