उलट्या दातांची करवत

"जपानहून काय आणलं?" परभणीत भेटेल तो हेच विचारतो. मी "करवत" म्हणतो. समोरचा आधी हसतो, मग माझं तोंड बघून गप्प बसतो.

तेहेतीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. दरवर्षी नवी बॅच आली की पहिला धडा करवत धरण्याचा. "पुढं जाताना कापायचं, मागं येताना हात सैल सोडायचा. मागं येताना जोर लावला तर मार खाशील." हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन त्याला गणती नाही. आमची ही सांगते की झोपेतसुद्धा एकदा म्हणालो होतो. तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मी ठरवलेलं नाही.

मुलगा कोबेला नोकरीला आहे. "बाबा, आता निवृत्त झालात, या की महिनाभर" असं दोन वर्षं चाललं होतं, शेवटी गेलो. देवळं पाहिली, बुलेट ट्रेन पाहिली, त्यावर सगळेच लिहितात, मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते शिन-कोबे स्टेशनजवळच्या एका संग्रहालयाबद्दल. ताकेनाका सुतारी हत्यारांचं संग्रहालय. १९८४ साली सुरू झालेलं, २०१४ पासून या जागेत. सुतारकामाच्या हत्यारांसाठी अख्खं संग्रहालय असतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला, तासाभरात होईल. साडेतीन तासांनी त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

तिथे एका भिंतीवर एका सुताराचा संपूर्ण हत्यारसंच मांडलाय. १९४३ साली पाहणी करून काढलेला आकडा आहे : चांगलं काम करणाऱ्या सुताराकडे १७९ हत्यारं. मी मनातल्या मनात आमच्या वडिलांची पेटी उघडली. दोन करवती, एक वाकस, तीन रंधे, पटाश्या पाच-सहा, किकरं, सामता, गुण्या, कानशी, हातोडा. विशीच्या आसपास येऊन गाडी थांबली. आणि त्या विशीवर त्यांनी अर्ध्या गावाच्या तिफणी, वखरं, बैलगाड्या आणि दारं-चौकटी उभ्या केल्या.

तिथलाच एक जुना फोटो. सुतार जमिनीवर बसलाय, लाकूड पायाच्या पंजाने दाबून धरलंय, आणि करवत स्वतःकडे ओढतोय. बैठक पाहून मी जागेवरच थांबलो. ही तर आमच्या लिंबाखालची बैठक! वडील असेच बसायचे, डावा पाय लाकडावर, अंगठ्याच्या नखाला कायम एक चीर. फरक एवढाच की वडील ढकलायचे, हा ओढतोय. रंधासुद्धा ओढूनच मारतात हे लोक.

यातली गोम अगदी साधी आहे. पातळ पत्रा ढकला, तो वाकणार. म्हणून आपल्या ढकलायच्या करवतीचं पातं जाड ठेवावं लागतं. जाड पातं म्हणजे रुंद चीर, जास्त भुसा, जास्त दम. तोच पत्रा ओढला तर दोरीसारखा ताणून सरळ राहतो. म्हणून त्यांच्या करवतीचं पातं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असलं तरी चालतं. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं, पोरांना एका ओळीत सांगितलंही असेन. हाताला ठाऊक नव्हतं.

मग मुलाला म्हणालो, करवत घ्यायची, आणि ती विमानतळावरच्या दुकानातली नाही.

कोबेच्या पलीकडे मिकी नावाचं गाव आहे. तिथल्या किल्ल्याला हिदेयोशी नावाच्या सरदाराने १५७८ ते १५८० असा वेढा घातला, आत माणसं उपाशी मेली, गाव उद्ध्वस्त झालं. नंतर ते पुन्हा उभारायला सुतार गोळा झाले, सुतारांना हत्यारं द्यायला लोहार आले, आणि लोहार तिथेच राहिले. आजही हे गाव करवती, पटाश्या, रंध्यांसाठी ओळखलं जातं. शेजारचं ओनो विळ्यांसाठी. मोडलेलं गाव आधी लोहाराला बोलावतं, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

मिकीत हमरस्त्याला एक थांबा आहे, तिथे गावच्या कारखानदारांची हत्यारं एकाच छताखाली विकायला ठेवतात. आत शिरलो तर तेलाचा आणि ताज्या लाकडाचा वास. काउंटरवर साठीच्या पुढची एक बाई. तिने पुढ्यात हिनोकी नावाच्या तिकडच्या मऊ लाकडाची एक पट्टी ठेवली आणि खुणेने सांगितलं, कापून बघा. दोन्ही बाजूंना दात असलेली करवत होती, तिला रयोबा म्हणतात. एका कडेला लाकूड रेषेत उभं चिरायचे मोठे दात, दुसऱ्या कडेला आडवं कापायचे बारीक. मूठ लांब, वेताने गुंडाळलेली. मी सवयीने ढकलायला गेलो, बाईने "आ, आ!" करत माझं मनगट धरलं. मुलगा हसला. तेहेतीस वर्षं पोरांची मनगटं धरणाऱ्याचं मनगट धरलं गेलं.

मग ओढली. काय सांगू! भुसा असा नव्हताच, पिठी होती, रांगोळीसारखी. कापलेल्या तोंडावर अंगठा फिरवला, रंधा मारल्यासारखं गुळगुळीत.

बाईने मुलामार्फत विचारलं, घरी कोणतं लाकूड कापणार? मी म्हणालो बाभूळ. मुलाने फोनवर फोटो दाखवला. तिने मान हलवली. हे दात सुगी-हिनोकीसारख्या मऊ लाकडाचे, कठीण लाकडाला जपून वापरा, आणि एक जादा पातं घेऊन जा. जादा पातं! मी मुलाला म्हणालो, "मला शिकवू नको म्हणावं, दात बोथटले तर मी कानस मारीन." मुलाने त्याचं भाषांतर काय केलं कोण जाणे, बाई वाकून हसली आणि एकच करवत बांधून दिली. साडेतीन हजार येन, म्हणजे आपले दोन हजारांच्या आसपास. पूर्ण हाताने घडवलेली एक करवतही होती, पण तिची किंमत बघून मी ती परत ठेवली, दोन्ही हातांनी.

येताना पातं पुठ्ठ्यात, पुठ्ठा टॉवेलात, टॉवेल मोठ्या बॅगेत. हातातल्या सामानात करवत नेऊ देत नाहीत. सूनबाईने आत्यासाठी दिलेला चहाचा डबा त्यापायी कोबेतच राहिला. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

आमचं गाव जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला. थोरले बंधू, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, अजून लिंबाखाली बसून काम करतात. आता तिफणी कमी, ट्रॅक्टर आले. दारं, खाटा, कधी एखादी चौकट. पेटी उघडून करवत त्यांच्या हातात दिली. त्यांनी दातांवरून बोट फिरवलं.

"उलटी हाय की रे ही."

"ओढायची असते आप्पा."

"बरं. बघू."

मी आत पाणी प्यायला गेलो, तेवढंच. आप्पांच्या पुढ्यात वाळलेल्या बाभळीचा दांडा होता, हात साठ वर्षांच्या सवयीने पुढे गेला. "टण्ण" आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर पातं मुठीपाशी वाकलेलं, चार दात गेलेले, आणि आप्पा करवत माझ्याकडे धरून बसलेले, पोराने बॅटने काच फोडल्यावर बसावं तसे.

"काय आणलास रे हे? पत्र्याचा डबा कापला तरी मोडंल."

राग आप्पांचा नव्हता, माझाच होता. मी समोर बसून सांगायला हवं होतं. मनगट धरायला हवं होतं.

पातं ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ केलं. मग तिकोनी कानस घेतली. दातांवर ती काचेवर सरकावी तशी सरकली, एक कण निघाला नाही. तेव्हा चष्मा लावून नीट पाहिलं. प्रत्येक दाताच्या टोकाला काळसर झाक होती. टोकांना विजेने झटका देऊन पाणी दिलेलं, कानशीपेक्षा कठीण. असलं पातं घासत नाहीत, बदलतात. हे मास्तरला कळायला हवं होतं, दुकानातच. रात्री मुलाला फोन केला. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "दोन घेऊन येतो."

दिवाळीला दोन पाती आली. या वेळी मी आप्पांच्या शेजारी बसलो. किनवटकडच्या सागाची जुनी चौकट उकलून नवी करायची होती, आडव्या लाकडाचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं टोक, काढायचं होतं. पहिली चीर मी मारली. मग आप्पांनी हात धुतले (का ते त्यांनाच माहीत), पाय लाकडावर ठेवला, आणि ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खांदा सैल झाला ते मला दिसलं. कुसू तासायची गरजच पडली नाही, पहिल्या खेपेला बसलं.

आप्पा बराच वेळ करवतीकडे बघत होते. मग उठून आत गेले. आमचं जुनं घर माळवदाचं, आत अंधार. मोबाइलची बॅटरी लावून त्यांनी तुळई आणि वाशांच्या मधून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. धुळीने दोघेही खोकलो.

आजाची करवत. बलुत्याच्या काळातली. पातं गावच्या लोहाराचं, मूठ बाभळीची, हाताच्या घामाने काळी झालेली. मी ती लहानपणी खुंटीला पाहिली असेल, पण पाहिली म्हणजे नुसती पाहिली. गंजाखाली दात शोधले. वेडेवाकडे, हाताने पाडलेले. आणि सगळे मुठीकडे कललेले.

"आजा ओढायचा," आप्पा म्हणाले. "बापानं जिंतूरच्या बाजारातून नवी आणली, तवापासून आपलं ढकलणं सुरू झालं. माझ्या ध्यानातच नव्हतं बघ."

मी काहीच बोललो नाही. आप्पांनी करवत गुडघ्यांच्या मधे धरली, माझ्या हातातून तिकोनी कानस घेतली, आणि पहिल्या दातावर मारली. करकर आवाज आला, गंज उडाला, खाली पांढरं लोखंड दिसलं.

"हिला कानस लागतीय," ते म्हणाले आणि दुसऱ्या दाताकडे वळले.